तळमजल्यावरचा भाडेकरू

ती. भावोजींना,

आदरपूर्वक नमस्कार. तुमची तब्येत ठीक असेल आणि जेवणाचे फार हाल होत नसतील अशी आशा करतो. ताई इथे खुशाल आहे. (चार दिवस हवापालटाला आले म्हणते. हवापालटाला कुणी इस्त्री आणि स्वेटर घेऊन येत नाही, पण मी धाकटा भाऊ, मला काय कळतंय!) दिवसभर खिडकीशी बसून असते. फोन वाजला की आधी केस सारखे करते.

मी मात्र बरेच दिवस खोकत होतो. प्रयोगशाळेत लोकांचे जंतू वाढवता वाढवता स्वतःच्या खोकल्याकडे बघायला सवड कुठली? डॉक्टरांनी जंतूंची भिंत फोडणाऱ्या गोळ्या दिल्या, पण खोकला जागचा हलेना. शेवटी स्वतःच्याच घशात बोळा फिरवला, काचेच्या बशीत तो नमुना पेरला आणि उबेच्या खोलीत वाट बघत बसलो. तिथली ऊब अशी, की दुपारी डोळे आपोआप मिटतात. पेंगता पेंगता वाटायचं, बशीत कुणीतरी हळूहळू संसार मांडतंय. एकदा भिंगाखाली गोल, पांढरं काहीतरी दिसलं. मी हर्षाने साहेबांना बोलावलं, शेजारचा विभागही गोळा केला. साहेब शांतपणे म्हणाले, "हवेचा बुडबुडा आहे." (तेव्हापासून तिथे माझं तेच नाव पडलंय.)

पुढे खरे उगवले, थेट तव्यावरच्या अर्ध्याकच्च्या अंड्यांसारखे. मायकोप्लाझ्मा! या जातीला अंगाभोवती भिंतच नसते, भावोजी. मग गोळी बिचारी फोडणार काय? इतके इवले, इतके उघडे जीव. मी तंद्री लागल्यासारखा बघत राहिलो, खोकायचंही विसरलो. मग योग्य गोळी मिळाली आणि बरा झालो. तोवर "मला कुठे काय झालंय?" म्हणणारी आमची ही ठसकायला लागली होती.

या जंतूचं एक भावंड असतं. ते घशात राहत नाही. ते (कसं लिहू?) तळमजल्यावर राहतं. ना खोकला, ना ताप, कित्येकदा राहिल्याचा पत्ताही लागू देत नाही. नवराबायकोपैकी एकाकडून हाकललं तरी दुसऱ्याकडे टिकून राहतं आणि सवडीने परत येतं. असो. इकडे हवा छान आहे.

तुमचा मेहुणा,
बुडबुडा

ता. क. मूल व्हावं म्हणून ताईने तपासण्या केल्या, त्यात हाच भाडेकरू निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दोघांना दिल्या. तुम्ही "मला काय झालंय?" म्हणून पाकीट भिरकावलंत आणि वर "हे आलं कुठून?" असं तिलाच विचारलंत. भावोजी, कुठून आलं, कुणी आणलं, ते भिंगातून दिसत नाही. माझा जन्म भिंगाला डोळा लावण्यात चाललाय, मला तरी कधी दिसलेलं नाही. आणि ताई अशी खिडकीशी बसलेली मला बघवत नाही.

आणखी एक ता. क. नवं पाकीट सोबत पाठवलंय. हे पत्र ताईने वाचलं. 'तळमजला' शब्दाशी आली आणि किती दिवसांनी हसली! आता फोन टेबलावर आहे, शेजारी पाण्याचा पेला, तिच्या हातात पहिली गोळी. म्हणते, "त्यांनी तिकडे घेतली की मी इकडे घेईन."