माफ झालेलं फिजिक्स

प्रिय ऑर्विलमामा,

तुला, मामीला आणि तुमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला (याच क्रमाने, असं मामीला सांग) मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी शिडीवर चढायला मनाई केल्याचं आईने कळवलं आणि तू चढलास हेही तिनेच कळवलं. इकडे मी खुशाल आहे. जेवते, झोपते, लोकरीचे मोजे घालते. मिनेसोटात थंडी सुरू झाली आहे, पण आपल्या नॉर्थ डकोटाच्या माणसाने तिच्याबद्दल बोलणं बरं दिसत नाही.

तू विचारलं होतंस, ‘आपल्या’ फिजिक्सचं पुढे काय झालं. ‘आपल्या’ म्हणालास ते बरोबरच आहे. शाळेतल्या त्या वर्गात आपण दोघंच. तू फळ्यापाशी, मी पहिल्या बाकावर, आणि तरीही तू ‘मागच्यांना ऐकू येतंय ना?’ असं विचारायचास. मग शाळेत बसून द्यायच्या त्या कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षेत मला पाचपैकी पाच मिळाले आणि तू धान्याच्या कोठारापासून चर्चपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलास. (पास्टरांनी प्रवचनात माझं नाव घेतलं तेव्हा मी बाकाखाली शिरायच्या बेतात होते.) इथे कॉलेजात आल्यावर सल्लागार मिसेस हॉवलंड यांनी संगणकात बघून सांगितलं, त्या गुणांवर पहिल्या वर्षाचं फिजिक्स तुला माफ, दोन्ही भाग. मी विचारलं, घ्यायचंच असेल तर? त्या हसल्या. माफ झालेली शिक्षा कुणी मागून घेतं का, म्हणाल्या. म्हणून मी थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर लाटा आणि कंपनं शिकायला बसले.

ती मुलं चांगली आहेत, तक्रार नाही. पण ती गेलं अख्खं वर्ष एकमेकांच्या गळ्यात पडून रडलेली आहेत. प्रयोगाच्या जोड्या आधीच ठरलेल्या, आणि माझ्यामुळे वर्गाची संख्या विषम झाली. त्यामुळे माझे जोडीदार खुद्द प्राध्यापक प्रुइट. फार सज्जन माणूस. दर वेळी ‘आपण दोघं करू’ म्हणतात आणि लगेच दुसऱ्या टेबलावर निघून जातात. मग मी स्प्रिंगचं एक टोक हातात धरते आणि दुसरं खिडकीच्या कडीला अडकवते. कडी चांगली साथ देते. (बोलत नाही, एवढंच.)

आता वसतिगृहाचं. आमच्या मजल्यावरच्या मुली, कुणी इंजिनिअर होणार, कुणी डॉक्टर, सगळ्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्सला आहेत आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून त्याला शिव्या घालतात. कुणाच्या तरी आईने पाठवलेली हॉटडिश, तीच ती ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्या-खिम्याची, मध्ये ठेवलेली असते. माझ्या खोलीतली ब्रिन ही त्यांची पुढारी. सुरुवातीला एकदा त्या उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याशी झगडत होत्या, म्हणून मी आपलं मदत म्हणून उत्तर सांगितलं. एका ओळीत. सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. ब्रिन म्हणाली, “तुझं बरंय बाई. तुझं झालंय.” वाईट हेतूने नाही. मी पाण्याची बाटली भरली आणि खोलीत गेले. नंतर भिंतीपलीकडून बराच वेळ हसू ऐकू येत होतं. त्यांनी बहुतेक दुसरा ठोकळा घेतला असावा.

मग मी जे केलं ते कुठे बोलू नकोस. मी पहिल्या वर्षाच्या व्याख्यानाला जाऊन बसायला लागले. ते सभागृह एवढं मोठं आहे की तिथे गाय नेऊन बसवली तरी कुणी हटकणार नाही. ब्रिनला सांगितलं, माझ्या माफीचा काहीतरी घोटाळा झालाय, मलाही घ्यावं लागतंय. तिने लगेच सरकून जागा दिली. ‘मलाही नाही कळलं’ हे वाक्य मी इतक्या सफाईने म्हणायला लागले की मलाच खरं वाटायचं. मुद्दाम एखादं गणितही चुकवायचे (फार नाही, शेवटी शिकवलंस तू).

एकदा तिथल्या प्राध्यापकांनी टेबलावर मोठं रीळ ठेवलं. दोरा आतल्या दांड्याच्या खालून बाहेर आलेला. दोरा आडवा ओढला तर रीळ कुठे जाईल? मी उभी राहून ठणकावून सांगितलं, लांब पळेल. त्यांनी हळूच ओढलं आणि रीळ दोरा गुंडाळत गुंडाळत त्यांच्याकडेच आलं. सगळं सभागृह हसलं. ब्रिन तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. मामा, ती चूक मुद्दाम केलेली नव्हती. मला खरंच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी हॉटडिशचा कडेचा कुरकुरीत तुकडा मला मिळाला.

मग सहामाही परीक्षा आली. दारात ओळखपत्र बघत होते. तिथला मुलगा म्हणाला, “यादीत तुझं नाव नाही.” मग संगणकात बघून, “तुला तर दोन्ही भाग माफ आहेत. कधीपासूनच. मग तू इथे काय करतेयस?” ब्रिन माझ्या मागेच उभी होती. ती मला वळसा घालून आत गेली. खोलीत परतल्यावर म्हणाली, “आम्ही रडत होतो आणि तू बघायला येत होतीस?” मी म्हटलं, बघायला नाही, बसायला. तिने हेडफोन चढवला. आता मी स्वयंपाकघरात गेले की त्या सगळ्या माझ्याशी फार नम्रपणे बोलतात. मामा, ते नम्र बोलणं ऐकवत नाही.

बाकी सर्व क्षेम. मामीला पायांवर पांघरूण घेऊन झोपायला सांग.

तुझी भाची,
सिग्नी

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. मी मिसेस हॉवलंडकडे जाऊन दुसऱ्या भागाची माफी परत केली. जानेवारीपासून मी सगळ्यांबरोबर बसणार, यादीत नाव घालून. त्यांनी ‘नक्की ना?’ असं पुन्हा पुन्हा विचारलं. पहिल्या भागाची माफी मात्र परत केली नाही. ती तुझी-माझी आहे. आईला हे तू सांग, थोरल्या भावाचं ती ऐकते.

ता. क. २ – ब्रिनला सांगितलं. तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला, “जानेवारीत प्रयोगाला जोडीदार लागतो,” असं म्हणाली आणि पुन्हा लावला. ही विचारणा होती की नुसती माहिती, ते कळलं नाही. विचारायचा धीर होत नाही.

ता. क. ३ – रविवारी चर्च सुटल्यावर फोन कर. फिजिक्स नको. गावात कोण कुणाला काय म्हणालं ते सांग, सावकाश. मी घाईत असल्यासारखी बोलेन. तू फोन ठेवू नकोस.