ताई हे नाव, दुकान आणि बाकीच्या चीजवस्तू

मी, सोफे-खुर्च्यांना कापड चढवणारी, वय पन्नाशीच्या अलीकडे, शिक्षण चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी दटावलेलं नसताना हे लिहून ठेवते. मला दटावायची कोणाची हिंमतही नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मग इतक्या कागदांवर सह्या कशाला घेतल्या? म्हणून हे मृत्युपत्र. याआधी दुसरं केलेलं नाही, वेळच नव्हता.

१. दुकानाच्या वरचं राहतं घर माझा धाकटा भाऊ, ज्याला मी ढापण्या म्हणते, त्याला देते. तो शास्त्रज्ञ आहे. वाळू, धान्य असलं काही ओतलं की ते कसं वाहतं, याचं गणित तो कॉम्प्युटरवर मांडतो. विद्यापीठातली त्याची नोकरी अजून कच्ची आहे. ती पक्की करायची की त्याला घरी पाठवायचं, हे कमिटी लवकरच ठरवणार आहे. माझ्या छातीतली धडधड निम्मी त्याचीच आहे.

२. दुकान, शिलाई मशीन, मोठी कात्री आणि पट्टा ताणायची पकड माझ्या हाताखालच्या बाईला. तिने गिऱ्हाइकाशी गोड बोलावं, मला जमलं नाही. डब्यातल्या चुकाही तिलाच. बारीक खिळ्यांना आम्ही चुका म्हणतो. बाकीच्या चुका माझ्या मी बरोबर नेईन.

३. मोठ्या वहिनीला निळा सोफा. "चौथी शिकलेली बाई म्हणे शास्त्रज्ञ वाढवते!" हे ती त्याच सोफ्यावर बसून म्हणाली होती. डावीकडची स्प्रिंग टोचते. ती कोणी दुरुस्त करू नये.

४. आता नावाचं. ढापण्याने एक प्रोग्रॅम लिहिला आहे. भलंमोठं गणित आलं की तो त्याचे तुकडे करून पुष्कळ कॉम्प्युटरांना वाटून देतो आणि एकालाही रिकामं बसू देत नाही. त्याचं नाव ठेवलं 'ताई'. आई कामाला गेली की घरात मी तेच करायचे. तू भांडी घास, तू केर काढ, आणि तू रे ढापण्या, तोंड काय बघतोस?

आता कुठकुठले लोक ताई वापरतात आणि आपल्या संशोधनाच्या निबंधात लिहितात, "हे गणित ताईने केलं." झालं! ढापण्याने ताईवर जो निबंध छापला, त्याचा उल्लेखच नाही. आणि कमिटी मोजते ते नेमकं हेच, की याच्या निबंधाचा हवाला किती जणांनी दिला. नुसतं ताई म्हटलेलं धरत नाहीत. त्यातून भौतिकशास्त्रवाले म्हणतात हा कॉम्प्युटरवाला, कॉम्प्युटरवाले म्हणतात हा भौतिकशास्त्रवाला. लग्नात दोन्हीकडच्यांना पाहुणा पलीकडचा वाटावा आणि त्याला जेवायला कोणीच बसवू नये, तशी गत.

त्याचे साहेब म्हणाले, प्रोग्रॅमला स्वतःचं नाव दे, म्हणजे निदान तू कमिटीच्या डोळ्यांत भरशील. हा नाही म्हणाला.

५. म्हणून कलम १ मधलं घर ढापण्याने 'ताई' हे नाव बदललं तरच त्याला मिळेल.

(कलम ५ खोडलं आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.)

६. खोडण्याचं कारण. मी लिहीत असताना ढापण्या चहा घेऊन आला आणि मागे उभा राहून सगळं वाचलं.

"ताई, मग घर वहिनीला दे."

"अरे, नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. दुकानात चुका ठोकत बसेन."

"हातोडी धरता येते का तुला? बोटं फोडून घेशील."

"नाव बदलणार नाही. पुन्हा विचारू नकोस."

माझ्याशी या आवाजात तो पहिल्यांदाच बोलला. मी कलम ५ वर आडवी रेघ मारली. मग मी विचारलं, "त्या लोकांना कधी सांगितलंस का, माझ्या निबंधाचा हवाला द्या म्हणून?"

"प्रोग्रॅम सुरू होताना तशी ओळ दाखवता येते. बरेच जण दाखवतात. पण असं मागून घेणं बरं दिसत नाही गं."

बरं दिसत नाही! हा लहानपणी पोट भरलं नसलं तरी वाढ म्हणायचा नाही. मी न विचारता वाढायचे.

७. म्हणून माझी शेवटची इच्छा. ती मी गेल्यावर नव्हे, ऑपरेशनच्या आधीच पुरी करावी. प्रोग्रॅमचं नाव ताईच राहील. पण कोणी तो सुरू केला, की गणिताला हात लावण्याआधी प्रोग्रॅमने हे सांगावं:

"थांब. तुझं काम करून देते. पण मला ज्याने घडवलं तो माझा भाऊ आहे. त्याच्या निबंधाचा हवाला दे, नुसतं ताई ताई करू नकोस."

ढापण्या म्हणतो, भाषा जरा मऊ करू. करू नये. दुसऱ्या भाषांत नेतानाही त्यात 'कृपया' घुसडू नये.

सही: ताई

साक्षीदार पहिली: समोरची औषधवाली. मी सही करताना तिने पाहिलं, मग तिनेही केली.
साक्षीदार दुसरा: टपालवाला. घाईत होता, तरी थांबवला.

वकीलबाई म्हणाल्या, ज्याला घर मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून ढापण्याची सही नाही.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
तारीख: वकीलबाईंनी शिक्क्यात घातली आहे.
वेळ: ढापण्या शेजारी बसून, नाक ओढत, कलम ७ मधली ओळ प्रोग्रॅममध्ये टाइप करत असताना.