छापील रक्तगट

दि. ४ मार्च

चि. सौ. चिमणीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. उत्तराला उशीर झाला, कारण मी सध्या स्वयंपाकघरात असतो. हसू नकोस, पुढे वाच.

जानेवारीत तुझी वहिनी ओट्यापाशी चक्कर येऊन पडली, ते तुला कळवलंच होतं. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माझं काही समाधान झालं नाही. ती फरशीवर पडलेली आणि मी पाण्याच्या ग्लासासाठी एकेक फडताळ उघडतोय. बत्तीस वर्षं जिथे आयतं जेवलो, त्या घरात ग्लास कुठे असतात हे मला ठाऊक नव्हतं! पुन्हा तसं झालं आणि ती उठलीच नाही तर मी काय करणार? हे फक्त तुलाच लिहितो.

मग शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कनी एक पुस्तक दिलं. रक्तगटाप्रमाणे आहार. आमची छापखान्यातली जुनी ओळखपत्रं शोधून काढली. मी ‘ओ’, वहिनी ‘बी’. पुस्तक म्हणतं, ओ गटाचे पूर्वज शिकारी, तेव्हा मी मांस खावं आणि गहू-दूध सोडावं. झुरळ मारायला बायकोला हाक मारणारा हा शिकारी गेले पाच आठवडे बिनदुधाचा चहा पितोय. बी गटाला दूध चालतं, पण मसूर, शेंगदाणे, टोमॅटो, कोंबडी वर्ज्य. मी दोन तक्ते करून फडताळावर चिकटवलेत. दोन शेगड्या, दोन पातेली. तिचं जेवण मी स्वतः रांधतो आणि ती शेवटचा घास खाईपर्यंत समोर बसतो. गोळ्याही बंद करायला सांगितल्यात, मुळावरच इलाज चालू असताना त्या कशाला? ती काही बोलत नाही. जेवते.

तू रक्तपेढीत, दिवसभर रक्तातच असतेस. जाणकार म्हणून तुझं मत कळव. कळावे, आहे तो लोभ वाढवावा, निदान टिकवावा.

तुझा,
दादा


दि. ११ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला.

रक्तपेढीत मला सव्वीस वर्षं झाली. हजारो पिशव्या भरल्या, पण मालकाने सकाळी काय खाल्लं म्हणून एकाही पिशवीने तक्रार केली नाही. रक्त देता-घेताना गट चुकला तर माणूस जातो, तिथे मी डोळ्यांत तेल घालून बसते. पण पोटाला तुझा गट ठाऊक नसतो. आमच्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या की असले तक्ते लोकांवर तपासून पाहिले गेलेत. भाज्या वाढवल्या आणि गोडधोड कमी केलं की बरं वाटतं, मग गट कुठलाही असो. गटाचा त्यात काही हात नाही.

आता रागावते. वहिनीचं रक्त कमी, आणि तू शोधून शोधून बंद काय केलंस, तर मसूर आणि गोळ्या? त्या गोळ्या आजच्या आज सुरू कर.

आणि एक. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिचा गट मी स्वतः तपासला होता. एबी. एबी आईच्या पोटी ओ गटाचं मूल सहसा जन्मत नाही. मी रस्त्यावर सापडलेली आहे असं सांगून लहानपणी तू मला रडवायचास ना? तर तुझ्या ओळखपत्रावर विश्वास ठेवायचा झाला तर सापडलेला तू आहेस. रविवारी दोघंही इकडे या, रक्त काढू. कळावे, राग आला तरी लोभ उणा करू नये.

तुझी,
चिमणी


दि. १६ मार्च

चि. सौ. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मी सापडलेला नाही. त्याहून वाईट आहे. मी मूर्ख आहे, आणि त्याला छापील पुरावा आहे.

तुझं पत्र वाचलं आणि सगळं आठवलं. छापखान्यात तपासणीला साहेब यायचे होते. मॅनेजरनी सांगितलं की संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस जणांची ओळखपत्रं पाहिजेत, रक्तगटासकट. रक्त कोणाचं तपासलेलं? कोणाचंच नाही. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला मी. इंग्रजी ‘ए’चे खिळे औषधांच्या एका लांबलचक यादीत अडकलेले, ते सोडवायला वेळ नव्हता. उरलेल्या अक्षरांत मी वाटणी केली. जुळाऱ्यांना ओ, बाइंडिंगवाल्यांना बी. तुझी वहिनी तेव्हा बाइंडिंगमध्ये होती, आमचं लग्न ठरायचं होतं. साहेब आलेच नाहीत आणि मी सगळं विसरलो. इतक्या वर्षांनी ते ओळखपत्र हातात घेतलं आणि छापलेलं आहे म्हणजे खरंच असणार असं समजलो. जन्मभर दुसऱ्यांचं खोटंनाटं छापलं, विश्वास कधी ठेवला नाही. ठेवला तो नेमका स्वतःच्या थापेवर.

पण आता हसू येत नाही. जिना चढताना ती मध्येच थांबते. पदर सारखा करतेय असं दाखवते, पण दम लागलेला असतो. मी पुढ्यात ठेवलं ते तिने मुकाट्याने खाल्लं, कारण मी सांगितलं. तिला जपायला निघालो आणि माझ्याच हाताने तिचं रक्त आटवलं की काय? तिला अजून काही बोललेलो नाही, धीर होत नाही. गोळ्या मात्र पुन्हा घे म्हटलं, तर बरं म्हणाली. रविवारी येतो. लायक नसलो तरी लोभ असू द्यावा.

दादा


दि. २३ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. सुई टोचण्याआधीच तू डोळे मिटलेस, शिकारी कुठले! रिपोर्ट सोबत जोडला आहे. तू ए. तुझ्या पुस्तकाप्रमाणे जन्माचा शाकाहारी, म्हणजे एवढे दिवस चावलेलं मांस फुकट गेलं. वहिनीही ए.

आता नीट बसून वाच. जानेवारीत वहिनीचं हिमोग्लोबिन आठ होतं. आता साडेदहा आहे. मी दोनदा तपासलं. अजून कमीच आहे, दम त्यानेच लागतो, पण चढतंय. तुझ्या तक्त्यावर हे व्हायला नको होतं. वहिनीला विचारलं तर ती गालात हसली आणि लिहून कळवीन म्हणाली. गोळ्या चालू ठेवा. कळावे, लोभाचं प्रमाणही असंच चढतं राहो.

चिमणी


दि. ३० मार्च

चि. सौ. वन्संना,

सप्रेम नमस्कार. वि. वि. विचारलं होतंत, तर सांगते. गोळ्या मी एक दिवसही सोडल्या नाहीत, शिवणाच्या डब्यात ठेवल्या होत्या. दुपारी हे आडवे झाले की हेडक्लार्कांच्या बायकोकडे जायची. तिथे मसूर, टोमॅटो, मूठभर शेंगदाणे. ती म्हणायची की पुस्तक आमच्या घरातून गेलं, तेव्हा भरपाईही आम्हीच करू.

ओळखपत्रांचंही मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती छापून आल्यावर कापली आम्हीच. सगळं बाइंडिंग खातं एकाच रक्ताचं निघालं म्हणून आम्ही बायका पोट धरून हसलो होतो.

मग गप्प का बसले? वन्सं, लग्न झाल्यापासून यांनी मला जेवलीस का म्हणून कधी विचारलं नाही. माणूस वाईट नाही, पण जेवताना पेपर समोर, ताट रिकामं झालं की उठले. मी मागाहून एकटी जेवायची. चक्कर आल्यापासून हे माझ्यासाठी रांधायचे, करपवायचे, मीठ विसरायचे आणि समोर बसून माझा घास न् घास बघायचे. ते अळणी जेवण मला फार गोड लागलं. खरं सांगितलं असतं तर ते बंद झालं असतं.

झालंही तसंच. रिपोर्ट आल्यावर यांनी तक्ते फाडले, माझे हात धरून रडले, माफी मागितली. माझंही चोरटं जेवण मी कबूल केलं. यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मी बरी आहे म्हणून पुन्हा पेपर. जेवले, उठले. मी ओट्याशी ताट घेऊन उभी, आणि मलाच रडू आलं.

मग बाहेर जाऊन स्पष्ट सांगितलं की मला एकटीला जेवण जात नाही, माझं होईपर्यंत समोर बसायचं. बत्तीस वर्षांत मी काही मागितल्याचं यांना आठवेना. गोंधळले, पेपर खाली ठेवला आणि किती दिवस बसायचं ते विचारलं. मी म्हटलं, जन्मभर.

गेले चार दिवस बसताहेत. मी पूर्वी दहा मिनिटांत उरकायची, आता तासभर जेवते. कळावे, लोभ आहेच, त्याला बसायला जागा करून द्यावी.

तुमची,
वहिनी