जाडीच्या चौपट

चिकलठाणा, ३ फेब्रुवारी २०२५

ती. मोतीरामदादास,
करुणाचा स. जयभीम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाय, म्हणून कागद. मेघा कामावरून जालन्याला परतताना तिच्याजवळ देते. तुझीच पोरगी, पण तिला वाचायला लावू नको, घाबरंल.

आमच्या शेडात लोखंडी नळकांड्यांचं काम आलंय. भोक साठ एमएमचं, आत दीडशे खोल. ते आतून कोरायला हे पंचवीसचा बोरिंग बार लावतात, होल्डरमधून एकशे साठ बाहेर काढून. आत गेला की असा किंचाळतो, माझ्या दाढा ठणकतात. काल बाराची कापणारी टीप तुटली, ह्यांच्या कानाजवळून गेली अन् पत्र्यात रुतली. मी शेजारीच स्टुलावर कानस मारत बसते. आज मात्र हेच म्हणाले, दुसरा बार बघावा लागंल. कोणता घ्यावा, होल्डर कसा, लिही. मी चौथी पास, पुराण नको.

वहिनीला जयभीम. माया ठेव, पण उत्तर आधी दे.
तुझी करुणा

जालना, ४ फेब्रुवारी

चि. सौ. करुणास,
जयभीम व अ. उ. आ.

कागदावरही भांडतेस, म्हणजे तब्येत ठीक आहे. जन्मभर लेथवर तसलं किंचाळणं ऐकूनच मी बहिरा झालो, दाजींना सांग. कापणं वेगळं, थरथरणं वेगळं. पोलादी बार जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये, एवढं एकच ध्यानात ठेवा. होल्डर चिरलेला घ्या, बाराला चारी बाजूंनी आवळणारा. वरून दोन बोल्टांनी दाबणारा नको.

पोरांना पापा. म्हाताऱ्या भावाला विसरू नको.
मोतीराम

चिकलठाणा, ६ फेब्रुवारी

दादा,
आज वि. वि. नाय.

तू जाडी लिहिलीस, कशाची ते लिहिलं नाय. मी भोकाची धरली. साठ चोक दोनशे चाळीस. हे नवा बार आणायला गाडीला किक मारत होते, मीच अडवलं. म्हणलं, दादा म्हणतो दोनशे चाळीसपर्यंत चालतंय, आपला तर एकशे साठच हाय. तुझा शब्द म्हणून ह्यांनी गाडी परत लावली.

दुसऱ्याच जॉबला बार आत रुतला. आठ किलोचं नळकांडं लेथच्या चकाच्या पकडीतून सुटलं, ह्यांचा उजवा हात फाडून माझ्या स्टुलावर आदळलं. मी पाण्याची बाटली भरायला उठले होते. चौदा टाके पडलेत. बोटं हलतात, पण डॉक्टर म्हणतात मुठीचं आत्ता सांगता येत नाय. मी अडवलं, हे ह्यांनी कुणालाच सांगितलं नाय. मला ते जास्त लागतंय.
करुणा

जालना, ७ फेब्रुवारी

चि. करुणास,

चूक माझी. टर्नर माणूस जाडी म्हणतो ती बाराचीच. तू टर्नर नाहीस हे मी विसरलो. आता नीट लिहितो, भिंतीवर चिकटव. पंचवीसच्या बाराचे चौपट शंभर, त्यापुढं एक एमएम नको. तुम्हाला एकशे साठ पाहिजे, म्हणजे बार चाळीसचा. साठच्या भोकात तो मावून कीस निघायलाही जागा राहते. होल्डरच्या आत बार तिप्पट धरलेला पाहिजे, म्हणजे एकशे वीस. दाजींच्या मुठीचं कळव. मी येतो म्हणालो तर नको म्हणू नको.
तुझा दादा

चिकलठाणा, ३ मार्च

ती. दादास,
स. जयभीम वि. वि.

टाके निघाले. मूठ वळते, पण पाना निसटतो. चाळीसचा बार अन् चिरलेला होल्डर मीच जाऊन आणला. दुकानदारानं मला तीनदा विचारलं, ताई, नक्की चाळीसच का. मी तुझा कागद त्याच्या तोंडापुढं धरला.

काल मशीन चालू केली. मी पट्टीनं मोजलं, एकशे वीस आत, एकशे साठ बाहेर. बार गुपचूप आत गेला, भोक आरशासारखं निघालं. तू असतास तर खूश झाला असतास.

पण दादा, आता हे प्रत्येक जॉबला हात मागं घेतात अन् माझ्याकडं बघून विचारतात, करुणा, बरोबर हाय ना? तीस वर्षांचा कारागीर मला विचारतोय. मी व्हय म्हणते. म्हणून झालं की पट्टी घेऊन परत मोजते.

तू ये. तुझ्या मायेत आहोत, तोवर धीर हाय.
करुणा