घरघर थांबली, आई

आई,
मी कामावर निघालेय. तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही.

तुझ्या नाचाच्या क्लासातला रेकॉर्ड प्लेयर आता नीट वाजतोय! दुकानदार म्हणाला होता, "भंगारात द्या." पण थाळी फिरवणारं रबरी चाक नुसतं गुळगुळीत झालं होतं. ते स्पिरिटनं पुसलं, पॉलिश पेपर हलकेच फिरवला, थाळीच्या दांड्याला तेलाचा थेंब दिला. काल संध्याकाळी तरीही घरघर होतीच, म्हणून आज सकाळी मोटरखाली नळाचे रबरी वॉशर बसवले. आता गाणारी बाई रडत नाही, गाते.

प्लेयर मुद्दाम बाहेरच्या खोलीत ठेवलाय. चिडू नकोस. पडल्यापासून तू पलंग सोडायचं नाव घेत नाहीस. पण काल रेकॉर्ड वाजत होती, तेव्हा पांघरुणाखाली तुझा पाय ताल धरत होता. तुला वाटलं, मी वायरींत गुंतलेय. मी पाहिलं.

वॉकर उशाशी आहे. शेजारच्या काकू येतील, त्या आल्यावरच उठ. एक बाजू संपली की उलटायला पुन्हा उठावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

दुपारी फोन करीन. "कशी आहेस?" असं विचारणार नाही. मागे काय वाजतंय, तेवढं ऐकीन.

तुझी धाकटी