यान गेल्यामुळे चहा बंद

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे म्हणून अर्धीच वाकले, उरलेलं तू समजून घे). पायाची सूज उतरली का, झोप लागते का, शेजारची शिवणवाली अजून तुझी कात्री नेऊन विसरते का, हे सगळं विचारायचं म्हणून विचारते आहे. उत्तर मला ठाऊक आहे. सगळं ठीक आहे, असंच तू म्हणणार. फोनवरही तेच म्हणतेस. भावोजी कुठे आहेत विचारलं तर म्हणतेस, बाहेर गेलेत. ताई, जो माणूस गुडघ्यांचं निमित्त करून कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही, तो दर रविवारी बरोब्बर माझ्या फोनच्या वेळी बाहेर कुठे जातो? फोनवर विचारून तू दाद देत नाहीस म्हणून हे पत्र. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही. शुद्धलेखनाकडे बघू नकोस. चौथीपर्यंत शिकले, त्यातली दुसरी दोनदा केली, म्हणजे तेवढीच जरा पक्की आहे.

आधी माझी फजिती ऐक, कारण बाकीचं सगळं तिच्या पोटात आहे. मी जिथे चहाची खिडकी सांभाळते तिथे काय काम चालतं ते तुला दहादा सांगून झालं आणि दहादा तू "बरं" म्हणालीस, म्हणजे कळलेलं नाही. हे लांब आभाळात गेलेल्या यानांशी बोलायचं ठिकाण आहे. बाहेर एक पांढरी डिश उभी आहे, घरावर टीव्हीची असते तशीच, पण आपलं जुनं घर, खालचं दुकान आणि मधला जिना तिच्यात घातला तरी हलवायला जागा उरेल. आतल्या खोलीत शिकलेली माणसं पडद्यांसमोर बसतात, यान तिकडून रेडिओने काहीबाही कळवतं, हे इकडून उत्तर देतात आणि दिवसभर माझा चहा पितात. यानाचं त्यांना भारी कौतुक. त्याचा वाढदिवस करतात, केक कापतात (यानाला काही मिळत नाही).

तर मागच्या आठवड्यात सकाळी मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले, तर सगळे उभे. कुणी कपाला हात लावीना. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "गेलं." त्यांच्या शेजारी काडी उभी होती. काडी म्हणजे इथे नवीन आलेली पोरगी, शिकून डॉक्टर झालेली आहे पण ताप आला तर काही उपयोगाची नाही. अंगावर मांस म्हणून नाही, म्हणून मी तिला काडी म्हणते, तोंडावरसुद्धा. ती म्हणाली, हो, गेलं, आणि तिने रुमालाने डोळे पुसले (सर्दी झाली होती, हे मला मागाहून कळलं). आता तूच सांग, चार माणसं मान खाली घालून उभी आहेत, एक म्हणतो गेलं, दुसरी डोळे पुसते, तर माणसाने काय समजावं? मी तोंडाची फटकळ असेन, पण दगड नाही. ट्रे तसाच परत आणला, गॅस बंद केला, खिडकी ओढली आणि ज्या फळ्यावर मी "आज दूध नासले" वगैरे लिहिते त्यावर चांगल्या अक्षरात लिहिलं, "यान गेल्यामुळे आज चहा बंद". खाली बारीक अक्षरात "देव शांती देवो" असंही लिहिलं, कारण खडू उरला होता.

नेमके त्याच दिवशी वरच्या कचेरीतले पाहुणे केंद्र बघायला यायचे होते. आले ते आधी चहाकडे वळले. चहा मिळाला नाही, फळा मिळाला. त्यातल्या एकाने फळ्याचा फोटो काढून वर पाठवला. थोड्या वेळाने साहेब त्या लांबलचक बोळातून माझ्या खिडकीकडे पळत येताना दिसले. साहेबांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगते, पळायला नको त्यांनी. वरून फोन आला होता. एवढ्या वर्षांचं यान गेलं आणि आम्हाला ते चहावालीच्या फळ्यावरून कळावं का, असं मोठ्या साहेबांनी विचारलं होतं.

मग मला आत बोलावून समजावलं. यान मेलेलं नव्हतं. ते फिरत फिरत सूर्याच्या पलीकडे गेलं होतं, म्हणजे इथून बघितलं तर मध्ये सूर्य आणि पलीकडे ते. म्हणून काही दिवस धड बोलणं होत नाही, मग ते दुसऱ्या बाजूने निघतं. मी म्हटलं, मग "आड गेलं" असा पुरता शब्द बोला की. शिकलेली माणसं अर्धा शब्द गिळतात आणि दुसऱ्याची खिडकी बंद होते. पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत. साहेब अजूनही हसत नाहीत.

साहेबांचं म्हणणं असं की या दिवसांत बोलणं बिघडतंच, तर डिशला तेलपाणी करून घ्यावं. काडी म्हणते, हात लावायचा नाही, माझं काम याच दिवसांत असतं. मला सूर्याचा कोरोना बघायचाय, असं ती म्हणाली तेव्हा मी चार पावलं मागे सरले आणि नाकाला पदर लावला. तर तो तो नव्हे. सूर्याभोवती तापलेल्या वाफेसारखं काहीतरी पसरलेलं असतं, त्याचं नाव आधीपासून हेच, आजाराला ते मागून दिलं म्हणे (इतकी शिकलेली माणसं, एक नवीन नाव सुचू नये?). यान तिकडून एकच सूर लावून धरतं, अगदी सरळ. तो सूर सूर्याच्या कडेकडेने त्या वाफेतून इकडे येतो. वाफेत वारं सुटलेलं असतं, त्याने सूर हलतो. बाकीचे म्हणतात आवाज खराब झाला. काडी तीच खराबी गोळा करते आणि तिच्यावरून सूर्याचं वारं किती जोरात वाहतंय, कुठे दाट आहे, कुठे विरळ, ते काढते. तिथे कुणाला जाता येत नाही, जवळ गेलं तर जळेल, मग करणार काय, असं तिचं म्हणणं.

मला यातलं निम्मं कळलं नाही, पण मी वाद घालत होते म्हणून तिने कानाला लावायचं ते यंत्र माझ्या डोक्यावर चढवलं आणि ऐका म्हणाली. तो सूर त्यांनी माणसाला ऐकू येईल असा केलेला असतो. आधी जुना लावला, यान सूर्यापासून लांब होतं तेव्हाचा. ताणलेल्या दोऱ्यासारखी बारीक शीळ. मग आत्ताचा लावला. शीळ तीच, पण थरथरणारी. कुणीतरी बंद दाराला पाठ लावून उभं आहे आणि हसून बोलतंय, तशी. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा तर आमच्या ताईचा आवाज."

काडीने विचारलं, "ताई बऱ्या नाहीत का?"

"बरी आहे म्हणते."

"मग त्या बऱ्याच असतील, मावशी. यानाला काही झालेलं नाही, ते सरळच बोलतंय. थरथर मधल्याची आहे."

ताई, मी कप विसळायला म्हणून निघून आले. कप स्वच्छ होते.

तुला आपल्या घरातला पत्र्याचा पाइप आठवतो का? वर स्वयंपाकघराच्या खिडकीपासून खाली बाबांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानामागे उतरायचा. मी खाली खळीचं भांडं ढवळत बसलेली (तो आंबूस वास अजून कुठे आला तर मी जागची हलत नाही), तू वर आईच्या हाताखाली. तू पाइपात तोंड घालून हाक मारायचीस, "वर ये." नेहमी तेवढंच. पण त्या दोन शब्दांवरून मला सगळं कळायचं. आई शेजारी उभी असली की तुझा आवाज इस्त्री केल्यासारखा यायचा. आई चिडलेली असली की शेवटचा "ये" थोडासा कापायचा, मग मी वर यायचेच नाही. आणि आई झोपलेली असून तू डब्यातलं काही काढलेलं असलं की तो "ये" असा काही यायचा की मी खळीचे हात फ्रॉकला पुसत दोन दोन पायऱ्या चढायचे. तू कधी काही सांगितलं नाहीस, आणि मला कधी काही विचारावं लागलं नाही. मग लाउडस्पीकर भाड्याने देणारे भावोजी एक जुनं पुस्तक बांधायला घेऊन आले. बाबांनी नाव विचारलं, ते भावोजींनी अशा आवाजात सांगितलं की पाइपातून वर गेलं आणि तू कुणी न बोलावता खाली आलीस. त्या दिवशी पाइप उलटा वाजला. तुझं लग्न झाल्यावर मी एकदा दुपारी खालून पाइपात ओरडले, "वर येऊ का?" आईने वरून विचारलं, "कशाला?" मी खळ ढवळत बसले.

भावोजी फोन उचलायचे ते "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" करूनच, जसा काही माझ्या कानात मांडव घातला आहे. मग मागून ओरडून माझ्या चुका काढणार, तू मध्ये दटावणार, आणि तुझा आवाज या सगळ्या गोंगाटातून कसा सरळ यायचा. आता मागे काही वाजत नाही. आता सगळीकडे शांत आहे आणि तुझा आवाज हलतो आहे. मला चौथीच्या अकलेवर एवढंच कळतं की तुझ्या आणि माझ्यामध्ये जो माणूस उभा असतो, त्याला काहीतरी झालं आहे. त्यांचा आवाज गेला आहे. गेला आहे की नुसता आड गेला आहे, ते तू सांगत नाहीस, आणि मी इकडे अर्ध्या शब्दावर काय काय फळ्यावर लिहीत बसू?

असो. मला कसलीही काळजी वाटत नाही आणि वेळही नाही, दूध उतू जाईल. पायाला शेक घे. कात्री परत माग.

तुझी,
धाकटी

ता. क. शनिवारी मी येते आहे. रजा मागायच्या आत साहेबांनी दिली, पाहुणे फळा विसरेपर्यंत मी नजरेआड असलेली बरी म्हणे. नको म्हणायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र भावोजींच्या हाती पडू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. भावोजी, तुम्ही वाचताच आहात. कुणाला सांगू नकोस असं तिला तुम्हीच हातवारे करून बजावलं असणार. तिला एकटीला हे पेलवत नाहीये, एवढं लक्षात घ्या, आणि माझ्यापुढे लाजू नका. मी आले की तुम्ही नुसते बसा. ही धाकटी घरात असली की दुसऱ्या कुणाला तोंड उघडावं लागत नाही, असं तुम्हीच लोकांना सांगत फिरायचात.