उठून गेलेल्या नदीचं पुस्तक

बाई, तुम्ही गेलात त्याला आता तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त काढून मी ते टाळलं. गेल्या आठवड्यात कांदिवलीच्या आमच्या सोसायटीतल्या काही बायका घरी आल्या होत्या. त्यांना वाचनाचा गट काढायचाय, महिन्याला एक पुस्तक. "काकू, पहिलं पुस्तक तुम्हीच सुचवा ना," म्हणाल्या. मी सांगते म्हटलं, आणि त्या गेल्यावर दार लावून तशीच उभी राहिले. तुमची गोरेगावच्या कॉलनीतली बाहेरची खोली डोळ्यांसमोर आली. महिन्याचा पहिला रविवार, दुपारचे चार, निळ्या पट्ट्यांची सतरंजी आणि तुमचा तो एकमेव नियम: प्रत्येकाने बोलायचं, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत चहा नाही.

आठवीपासून दहावीपर्यंत तुम्ही मला मराठी शिकवलंत. पुढे मी अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "नोकरी लागली म्हणजे वाचन सुटायला नको. रविवारी येत जा." तुमच्या त्या मंडळात शिकलेली माणसं होती. एक कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक, एक निवृत्त पोस्टमास्तर, तुमच्या शेजारच्या वहिनी. त्यांच्यात बसताना मी पाठ ताठ ठेवायची. बोलायच्या आधी वाक्य मनात तयार करून घ्यायची, 'न' आणि 'ण' तपासून. आमच्या घरी सगळं मालवणी चालायचं, पण तुमच्या वर्गात आल्यापासून मी ते घराच्या उंबऱ्याबाहेर आणलं नव्हतं. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, पुढे ते एका रंगाच्या कारखान्यात माल उचलायच्या कामाला लागले. ऑफिसात कोणी विचारलं तर मी सांगायची, बाबा टेक्स्टाइलमध्ये आहेत.

आणि मग तुम्ही काकांना आणलंत. कॉलनीच्या गेटवरचे वॉचमन. तेही गिरणीतलेच, परळची खोली सोडून दिंडोशीला मेव्हण्याच्या शेजारी राहायला आलेले. दुपारच्या ड्युटीत ते पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात हे तुम्ही पाहिलंत, आणि एक दिवस सरळ सांगितलंत, "रविवारी वर या. पुस्तक मी देते." ते आले, दाराशी चपला एकावर एक नीट ठेवल्या आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसले. पहिले दोन महिने त्यांनी फक्त "बरा होता" एवढंच सांगितलं. तुम्ही तेवढं बोलणं धरलंत आणि चहा ठेवलात.

तिसऱ्या महिन्यात तुम्ही ते मुलांचं पुस्तक काढलंत. दीडेकशे पानांची कादंबरी, मुखपृष्ठावर पाय फुटलेली निळी नदी. गोष्ट अशी होती की एका गावातली नदी एका सकाळी उठते आणि चालायला लागते. गावकरी म्हणतात, जाऊ दे, येईल. एक लहान मुलगी मात्र तिच्या मागे निघते. वाटेत तिला बोलणारे दगड भेटतात, होड्यांचं एक गाव भेटतं, सावल्या शिवणारी एक म्हातारी भेटते. शेवटी ती नदीला गाठते. नदी तिला मांडीवर घेते, पण परत यायला नाही म्हणते. मुलगी एकटीच घरी येते आणि कोरड्या पात्रात विहीर खणायला घेते. एवढंच.

तो रविवार मला अजून लख्ख दिसतो. पोस्टमास्तर आधी बोलतात. "मला शेवटपर्यंत वाटत होतं, हे सगळं स्वप्न निघेल. निघालंच नाही. फसवल्यासारखं वाटलं." मग वहिनी सांगतात की त्यांनी ते दोन्ही मुलींना वाचून दाखवलं. मोठी रडली. "आणि धाकटी बादलीतल्या पाण्याशी बोलत बसते हो! आंघोळीला पाऊण तास लागतो. शाळेची वाट लागली आमच्या. पण मला आवडलं बाई, खोटं कशाला बोलू?" सगळे हसतात. प्राध्यापक हसत नाहीत. ते चष्मा वर सरकवतात. "प्रश्न आवडण्याचा नाहीये. बाहेर गिरण्या बंद पडल्यात, हजारो माणसं रस्त्यावर आलीत, आणि आपण पाय फुटलेल्या नद्यांवर चर्चा करतोय. हे पलायन आहे." काका सतरंजीच्या कडेला बसलेत, आणि प्राध्यापक त्यांच्याकडे एकदाही बघत नाहीत. मग माझी पाळी येते. मी म्हणते, आशयाच्या दृष्टीने शेवट पटत नाही, मुलांच्या पुस्तकात नदी परत यायला हवी होती. प्राध्यापक मान डोलावतात. 'आशयाच्या दृष्टीने' हे शब्द मी आदल्या दिवसापासून जपून ठेवले होते.

तुम्ही काकांकडे पाहिलंत. त्यांनी घसा साफ केला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते सलग बोलायला लागले. "बाई, माका वाटता ता बरोबरच लिवलला आसा. नदी काय रुसान गेली नाय. थय ऱ्हवाक तिका कायच उरला नाय, म्हणान ती गेली. आमची गिरण तशीच गेली. एक दिवस भोंगो वाजलो नाय. आमी आपले काठार उभे, म्हटला, येतली. वर्ष गेला, दोन वर्षां गेली. त्या चेडवान बरा केल्यान. ता चेडू काठार रडत बसला नाय. खणूक लागला."

"चेंडू?" प्राध्यापकांनी विचारलं. "कुठला चेंडू?"

आणि मी हसले, बाई. सगळ्यात आधी मी हसले, मोठ्याने. मग पोस्टमास्तर हसले, वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. चेडू म्हणजे मुलगी, हे त्या खोलीत काका आणि तुम्ही सोडून फक्त मला माहीत होतं. बाबा रोज संध्याकाळी दारातून आत येताना मला त्याच शब्दाने हाक मारायचे. मी नुसतं "चेडू म्हणजे मुलगी" असं सांगितलं असतं तरी पुरे होतं. काका थांबले. त्यांनी पुस्तक बंद करून गुडघ्यावर ठेवलं. "बरा. माझा झाला," म्हणाले. तुम्ही चहासाठी थांबा म्हणालात, तर "ड्युटी आसा" म्हणून उठले. ड्युटी नव्हती. रविवारी त्यांना सुट्टी असायची.

सगळे गेल्यावर मी कपबश्या घेऊन आत आले. तुम्ही मोरीशी उभ्या राहून कप विसळत होतात. माझ्याकडे न बघता विचारलंत, "तू त्यांच्या बोलण्याला हसलीस की तुझ्या घरच्या?" मी कपबश्या ओट्यावर ठेवल्या. दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही आमच्या खोलीवर आला होतात, आईच्या हातचे घावणे खाल्ले होतेत, बाबांनी हाक मारलेली ऐकली होतीत. तुमच्यापुढे मला लपायला जागाच नव्हती. तुम्ही नळ बंद केलात. "प्राध्यापकांना शब्द कळला नाही, त्यात त्यांचा दोष नाही. तुला कळला होता. मी तुला प्रमाण भाषा शिकवली ती घरची फेकून देण्यासाठी नव्हे." तुम्ही आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर मला रडून मोकळं होता आलं असतं.

पुढच्या महिन्यात काका आले नाहीत. गेटवर तुम्हाला नमस्कार करायचे, बस्स. मी म्हटलं, मी गेटवर जाऊन त्यांची माफी मागते. तुम्ही म्हणालात, "गेटवर नाही. तिथे ते नोकरीवर असतात, 'असू दे' म्हणणं त्यांना भागच पडेल. त्यांच्या घरी जा."

मी गेले. दिंडोशीला चढावर पत्र्याचं छप्पर असलेली खोली होती, दारात तुळशीचा डबा. काका पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. मला बघून उठले, आत स्टूल पुसून दिलं. त्यांच्या बायकोने चहा टाकला. मी वाटभर वाक्य घोकत आले होते, आमच्याच बोलीतलं, आणि तोंड उघडलं तर निघालं काय, "इकडे मैत्रिणीकडे आले होते, म्हटलं डोकावून जावं." काका म्हणाले, "बरा केलंस." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू खयची गो?"

"इथलीच," मी म्हटलं. "मुंबईची."

"नाय, म्हणजे मूळची. माका वाटला आमच्या बाजूची."

"नाही हो. इथलीच."

आतून त्यांची बायको म्हणाली, "ह्यांका सगळीच आपल्या बाजूची दिसतत." काका हसले आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी खाली बशीत बघितलं. निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. "बाईंक दी. तीनदा वाचलंय." मी उतारावरून खाली आले तेव्हा घोकलेलं वाक्य तोंडातच होतं.

तिथून मी थेट तुमच्याकडे आले. तुम्ही दार उघडलंत आणि काही विचारायच्या आतच मी सांगून टाकलं, "बाई, माफी मागितली. आमच्या बोलीतच बोलले त्यांच्याशी." तुम्ही चष्मा काढलात, पदराने पुसलात, परत घातलात, परत काढलात. माझ्या डोक्यावर हात ठेवलात. दहावीत मी शाळेत पहिली आले तेव्हासुद्धा तुम्ही तसा हात ठेवला नव्हतात.

मला वाटलं, संपलं. पण तुम्ही स्वतः खाली जाऊन काकांना पुढच्या रविवारचं बोलावणं केलंत, आणि ते आले. मी त्यांना दारात बघितलं आणि सतरंजीवर मागे सरकले. सगळे बसल्यावर तुम्ही म्हणालात, "आज सुरुवात करण्याआधी एक सांगते. दोन महिन्यांपूर्वी या घरात एका माणसाच्या बोलण्याला आपण हसलो. चेडू म्हणजे मुलगी. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, मीही चुकले. आपल्यातली एक मुलगी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बोलीत त्यांच्याशी बोलून आली, याचा मला फार आनंद आहे." प्राध्यापक मान खाली घालून म्हणाले, "काका, मी तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. आणि गिरणीचं तुम्ही जे बोललात, ते मी ऐकून घ्यायला हवं होतं." काकांनी हात हलवून ते उडवून लावलं. मग तुम्ही त्यांना विचारलंत, "बोलली ना नीट?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीची निळी पट्टी नखाने खरवडत होते. "होय तर," ते म्हणाले. "बरा बोलता चेडू."

कोणी हसलं नाही. वहिनींनी तर तो शब्द हळूच म्हणून बघितला. त्या दिवशी पुन्हा त्याच पुस्तकावर बोलणं झालं, आणि काकाच जास्त बोलले. पोस्टमास्तर शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्यांना फसवल्यासारखंच वाटतं. प्राध्यापक म्हणाले, पुस्तक मला अजून पटत नाही, पण आता ते पलायन आहे असं मी म्हणणार नाही. आणि जाताना तुम्ही तुमची स्वतःची प्रत मला दिलीत. पहिल्या पानावर तुमच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'आपल्या भाषेकडे परत आलेल्या मुलीस'.

काका वर्षभर येत राहिले, मग गावी गेले. त्या वर्षभरात त्यांनी मला कधी एका शब्दाने डिवचलं नाही, की तो विषय काढला नाही. मीही नाही. गेटवर भेटले की "चाय घेतलंस?" विचारायचे आणि मी "हो, घेतला" म्हणायची. प्रत्येक वेळी, शुद्ध. पुढे तुम्ही आजारी पडलात. मी रोज डबा घेऊन यायची तेव्हा अनेकदा वाटलं, आज सांगून टाकावं. पण तुम्ही नर्सला सांगायचात, "ही माझी विद्यार्थिनी. फार धीराची आहे."

खरं सांगू का? खोटं बोलल्याचं मला तेव्हा फारसं वाईट वाटलंच नाही. तुमचा हात डोक्यावर पडला तो मला इतका आवडला की वाईट वाटायला बरीच वर्षं जावी लागली. तोवर तुम्ही गेला होतात, काका कुठे आहेत ते ठाऊक नव्हतं, आणि मग बाबा आणि आईही गेले.

त्या सोसायटीतल्या बायकांना काय सुचवायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. हे पत्र मात्र तुमच्या त्या पुस्तकात ठेवून देणार आहे, ते जाणार तरी कुठे. मनात होतं, शेवटची ओळ तरी आमच्या बोलीत लिहावी, दिंडोशीच्या वाटेवर घोकलेली तीच. दुपारपासून तीन कागद फाडले. चुकलंय की चुकलय, माका की मका, दुसऱ्या शब्दावरच हात अडतो, बाई, आणि विचारायला घरात आता कोणी नाही.